पुण्याहून फोंड्याला: एका वर्षाच्या खर्चाचा ताळा

नवऱ्याची बदली गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यात ठरली, तेव्हा कंपनीच्या एचआरने पत्रासोबत एक कागद जोडला होता. कुठल्याशा वेबसाइटच्या आधारे त्यात म्हटलं होतं की पुणे आणि गोवा यांचा राहणीखर्च जवळपास सारखा आहे, सबब त्यापोटी वेगळी पगारवाढ देय नाही. आमच्या ओळखीपाळखीत मात्र दोन तट पडले होते. निम्मे म्हणत होते गोवा भयंकर महाग, निम्मे म्हणत होते तिथे काय, सगळंच स्वस्त. महाग म्हणणारे डिसेंबरात कळंगुटला राहून आलेले होते आणि स्वस्त म्हणणाऱ्यांच्या डोक्यात एकाच वस्तूचा भाव होता.

मी हिशेबाच्या धंद्यातली. एका सीएच्या ऑफिससाठी लोकांची खाती लिहिते, हल्ली घरूनच. तो कागद हातात पडल्यावर मी आधी त्यातलं गणित बघितलं. वेबसाइट म्हणजे कोणीही यावं आणि आपल्या गावचे भाव भरून जावं अशा धाटणीची. गोव्याचे भाव कोणी भरले असतील ते ओळी वाचूनच कळत होतं: कॅपुचिनोचा भाव, परदेशी बिअरचा भाव, जिमची फी. उकड्या तांदळाची ओळ नाही, बांगड्याची नाही. वर गोवा म्हणजे एकच शहर धरलेलं. आसगावातला पोहण्याच्या तलावासकटचा बंगला आणि सावर्ड्यातल्या दोन खोल्या यांची सरासरी काढून ती कोणाला लागू पडणार?

कागदाच्या तळाला ग्राहक किंमत निर्देशांकही दिला होता, महाराष्ट्राचा इतका, गोव्याचा तितका, फरक किरकोळ. हे वाचून मात्र मला हसू आवरेना. एकाच ठिकाणचे भाव किती वाढले एवढंच तो निर्देशांक सांगतो. तेव्हाच्या मालिकेत सगळ्यांसाठी २०१२ साल म्हणजे १०० धरलेलं होतं. त्या साली गोवा पुण्यापेक्षा महाग होता की स्वस्त, हे त्या आकड्यात उतरतच नाही. एका राज्याचा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा म्हणून ते राज्य महाग, असं ठरत नाही. पगाराच्या पत्रात हा घोळ चालतो म्हणजे तो बऱ्याच जणांच्या गळी उतरत असणार.

मग मी आमचीच वही काढली. बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, यूपीआयची यादी, क्रेडिट कार्ड. सगळ्याची आधी दोन ढिगांत वाटणी केली. एका ढिगात पत्ता बदलला तरी न बदलणारे खर्च: विम्याचे हप्ते, एसआयपी, सासूबाईंना दर महिन्याला पाठवायचे पैसे, मोबाइल, गाडीच्या कर्जाचा हप्ता. दुसऱ्या ढिगात पत्त्याला चिकटलेले: भाडं, शाळा, वीज, येणंजाणं, बाजारहाट, कामाच्या बाईंचा पगार, डॉक्टर. पहिला ढीग आमच्या महिन्याच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा निघाला. शहर स्वस्त असो की महाग, त्याचा परिणाम फक्त उरलेल्यावर होणार. 'गोवा दहा टक्क्यांनी स्वस्त' म्हटलं तरी आपला खर्च दहा टक्क्यांनी उतरत नाही, ही साधी गोष्ट एवढं मांडल्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही.

दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक ओळीसमोर गोव्याचा भाव लिहायचा तर आधी गोव्यात कुठे राहायचं ते ठरायला हवं. आम्ही दोघं एका शनिवार-रविवारला जाऊन पाहून आलो. वेर्ण्याला जायला मडगाव सगळ्यात जवळ. पर्वरी दूर, मध्ये मांडवी आणि जुवारी दोन्ही, पण नव्या पुलांमुळे जाता येतं. पर्वरीत पुण्यामुंबईची बरीच माणसं, त्यामुळे सगळ्यांनी तेच नाव सुचवलेलं. तिथल्या ब्रोकरने भाड्याच्या आधी विचारलं, "किती महिन्यांसाठी?" काही जागा फक्त पावसाळाभर मिळणार होत्या, कारण ऑक्टोबरपासून मालकाला त्याच जागेचे पर्यटकांकडून दिवसाच्या हिशेबाने पैसे मिळतात. बारमाही मिळणाऱ्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं ऐकल्यावर आमचं कोथरूड बरं वाटायला लागलं. आम्ही तिथे सोसायटीच्या देखभालीसकट २७,००० भरत होतो, हे त्याच्याही वर.

नक्की काय ते कारखान्याच्या गेटवरच्या एका गृहस्थांनी सांगितलं. नवऱ्याने त्यांना सहज विचारलं, माणसं राहतात कुठे? ते म्हणाले, कंपनीची बस जिथे जाते तिथे. बसचे मार्ग ठरलेले: मडगाव, वास्को, पणजी, आणि लोटली-बोरीमार्गे फोंडा. बस फुकट, पाळीप्रमाणे. बस्स, त्या यादीवर आमचा नकाशा ठरला. फोंड्यात खडपाबांधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट १६,५०० ला मिळाला. किनारा लांब, त्यामुळे पर्यटकांच्या भावाची झळ कमी. मंगेशी-कवळ्याचा टापू, मराठी नाटकाची आवड, वर्तमानपत्रं मराठी. माझ्या सासूबाईंना चार दिवस येऊन राहायला हे गाव सोयीचं पडेल, हाही विचार होता.

एवढं झाल्यावर एचआरला काय कळवायचं ते स्पष्ट झालं. वहीवरून दिसत होतं की महिन्याचा खर्च फार वाढणार नाही, कदाचित उतरेलही. मात्र हलण्याचा एकरकमी खर्च मोठा होता: सामानाचा ट्रक, ब्रोकरची महिन्याच्या भाड्याएवढी दलाली, नवं डिपॉझिट (जुनं परत मिळायच्या आधी भरायचं असतं, तेवढे दिवस दोन्हीकडे पैसा अडकतो), शाळेचा नवा गणवेश-पुस्तकं, गाडीचा कर. म्हणून नवऱ्याने टक्केवारीच्या वाढीवर वाद घातलाच नाही. एकदाच द्यायची रक्कम मागितली, सोबत खर्चाचा तक्ता आणि दोन पॅकर्सची कोटेशनं जोडली. कंपनीने गाडीचा कर सोडून बाकी मान्य केलं. टक्केवारी मागितली असती तर त्यांनी तीच वेबसाइट पुन्हा पुढे केली असती.

भाडेकराराच्या वेळी एक मजेशीर गोष्ट कळली. मालक म्हणाले, भाडं निम्मं माझ्या खात्यात आणि निम्मं बायकोच्या खात्यात टाका. मला वाटलं काहीतरी कर वाचवायची युक्ती. पण तसं नव्हतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्या कायद्याखाली येणाऱ्या जोडप्यांना पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं दाखवावं लागतं, तशी तरतूदच १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५-अ म्हणून घातलेली होती. इतकी वर्षं रिटर्न भरतेय, पण हे कलम मी पुस्तकातच पाहिलं होतं. घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी नवऱ्याने ऑफिसात दोघांचेही पॅन दिले. भाडेकरूची माहिती मालकांनी पोलीस ठाण्यात नोंदवली, आमचे फोटो आणि आधार नेऊन. अकरा महिन्यांचा करार पुण्यासारखाच.

पगाराच्या पहिल्या स्लिपवर आणखी एक ओळ गायब होती. महाराष्ट्रात व्यवसाय कर कापतात, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. गोव्यात तो करच नाही. रक्कम मोठी नाही, पण कुठल्याही वेबसाइटच्या तुलनेत मला ही ओळ दिसली नव्हती.

आणखी एक मोठा फरक पडला तो शाळेत. मुलगा पाचवीत जाणार होता. गोव्यात चौथीपर्यंत प्राथमिक आणि पाचवीपासून हायस्कूल, त्यामुळे प्रवेशाच्या दृष्टीने वेळ अचूक होती. पुण्यात त्याच्या इंग्रजी शाळेची फी आणि बस मिळून वर्षाला लाखाच्या वर जात होते. गोव्यातली बहुतेक हायस्कुलं अनुदानित. शिक्षकांचे पगार सरकार देतं, त्यामुळे फीच्या नावाने वर्षाला जे काही भरावं लागतं ते पुण्यातल्या एका महिन्याच्या हप्त्याएवढंही नाही. शाळांना सरकारने दिलेल्या 'बालरथ' बसगाड्या आहेत. एसी वर्ग नाहीत, घोडेस्वारी नाही, पालकांसाठी ॲप नाही. मैदान आहे आणि गणिताच्या बाई दटावून शिकवतात. सीबीएसईच हवं असा हट्ट असणाऱ्यांना मात्र ही बचत मिळणार नाही, कारण तशा शाळा इथे थोड्या आणि खासगीच जास्त. आणि राज्य बदलताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, ती पुणे सोडण्याआधी घ्यावी. नंतर नुसत्या सहीसाठी घाट चढावा लागतो.

आता गाडी. शाळेने जे वाचवलं त्यातलं बरंचसं हिने खाल्लं.

पुण्यात आमच्याकडे एक कार, एक स्कूटर. कार रविवारची. रात्री-अपरात्री रिक्षा किंवा ॲपवरची कॅब. गोव्यात ओला-उबर नाहीत. 'गोवा माइल्स' हे इथलं टॅक्सीचं ॲप आहे, पण फोंड्यात गाडी मिळेलच असं नाही. रिक्षा ठरवून जाते, मीटरने नाही. दिवसा बस उत्तम, पणजीला जाणाऱ्या खासगी मिनीबस एकामागून एक सुटतात, कंडक्टर "फाटीं वच, फाटीं वच" (मागे सरका) करत माणसं कोंबतो आणि भाडं किरकोळ. कदंबच्या, म्हणजे सरकारी, गाड्याही आहेत. पण संध्याकाळ सरली की बस विरळ होत जातात. कला अकादमीतलं नाटक साडेनऊला सुटलं तर पणजीहून फोंड्याला टॅक्सीने परतणं म्हणजे हजार रुपये गेलेच, वर आणखी काही. तेव्हा एकाच घरात दोन चालत्या गाड्या ही चैन नसून गरज आहे हे पहिल्याच महिन्यात समजलं. इथल्याच नंबरची एक वापरलेली स्कूटर घेतली. नवरा कंपनीच्या बसने जातो, तरीही आमचे किलोमीटर पुण्याच्या दुपटीजवळ गेले: बँक एकीकडे, मुलाचा तबला दुसरीकडे, माझा दात दाखवायचा तो पणजीत. पेट्रोल इथे पुण्यापेक्षा लिटरमागे सात-आठ रुपयांनी स्वस्त, आणि तरी पेट्रोलचं बिल वाढलं. भाव आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गोव्यात पदोपदी दिसतं.

कारचा नंबर एमएच-१२. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे. त्याची रीत अशी: आधी मूळ आरटीओकडून ना-हरकत, फॉर्म २८. त्याला कर्ज देणाऱ्या बँकेची संमती लागते आणि जुनी चलनं भरलेली असावी लागतात. बँकेचा कागदच सगळ्यात उशिरा येतो. मग इथल्या आरटीओत फॉर्म २७, गाडीची तपासणी आणि गाडीच्या वयाप्रमाणे गोव्याचा रस्ताकर. हा कर भरून नवा नंबर मिळाला की महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. म्हणजे आधी दोन्हीकडे भरा, मग एका बाजूचं परत मागा. गाडी जुनी असेल, आठ-दहा वर्षांची, तर ती तिकडे विकून इथे इथल्याच नंबरची घेणं हिशेबात बसतं. आमची तीन वर्षांची होती म्हणून आम्ही ओढून आणली. पर्यटकांच्या हंगामात नाक्यावर परराज्यातल्या नंबरप्लेटला जरा जास्तच थांबवतात, हा माझा अनुभव. कागद नीट असले की दंड होत नाही, वेळ जातो.

विजेत मात्र निखळ फायदा. गोव्यात वीज अजून सरकारी खातंच पुरवतं आणि घरगुती दर महाराष्ट्राच्या मानाने फारच कमी, पहिल्या शंभर युनिटांना दोन रुपयांच्या आसपास. पुण्यात आमचं बिल दोन हजारांच्या घरात जायचं. इथे एप्रिल-मेमध्ये रात्री एसीशिवाय डोळा लागत नाही, पंखे बारमाही, तरी साधारण महिन्याला आठ-नऊशे. पाणी ओपाच्या प्रकल्पातून येतं आणि फोंडा त्याला जवळ, त्यामुळे आम्हाला टँकर मागवावा लागला नाही. पर्वरीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचं तसं नाही. तिळारीच्या कालव्याला काही झालं की तिच्या सोसायटीत टँकर सुरू, आणि तो खर्च देखभालीच्या बिलात गुपचूप येऊन बसतो.

पण जूनमध्ये दिवे जायला लागले. पहिल्याच वादळी पावसात झाडाची फांदी तारांवर पडली आणि संध्याकाळी गेलेली लाइट दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आली. माझं काम ऑनलाइन, रिटर्नच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली, विजेच्या बिलात वर्षभरात जे वाचवलं असतं ते एका झटक्यात त्यात गेलं. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, गोव्यात तीन हजारांच्या. हा आकडा शाळेत पाठ केलेला असतो, पण तो कपाटात शिरतो तेव्हा त्याची किंमत कळते. ऑगस्टमध्ये नवऱ्याचा लग्नातला सूट बाहेर काढला तर खांद्यांवर हिरवट-पांढरी बुरशी, चामड्याच्या पट्ट्याला लव फुटल्यासारखी. कपाटात दिवा लावून ठेवणं, ओल शोषणारे डबे, धान्य हवाबंद डब्यात, कपडे सुकवायला पंख्याखाली दोऱ्या. मालकीणबाई म्हणाल्या, "वयनी, चामड्याचं काही जून लागायच्या आधी गच्चीवर ऊन देऊन प्लास्टिकात बांधून ठेवायचं." त्या माझ्याशी मराठीत बोलायला सुरुवात करतात आणि तिसऱ्या वाक्याला कोकणीवर येतात. आता मला दोन्ही कळतं.

बाजाराचं गणित सगळ्यात गमतीचं, आणि महिन्याच्या रकान्यांत न मावणारं. भाजी बहुतांश बेळगावहून घाट उतरून येते, त्यामुळे पुण्याच्या मानाने भाव चढा आणि पालेभाजी दमलेली. घाटात दरड कोसळली की टोमॅटोचा भाव दुसऱ्या दिवशी हलतो. त्यावर तोड म्हणजे फलोत्पादन महामंडळाचे गाडे. सरकार अनुदान देऊन भाजी विकतं, रोजचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो आणि बाजारापेक्षा उघड कमी. सकाळी दहाच्या आत गेलं तर निवडीला वाव, नंतर वांगी तेवढी उरतात. किराण्याला बागायतदार बाजार, फोंडेकरांचं अर्धं सामान तिथूनच जातं. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंगा वाजवत येतो, पाव पाच रुपयांना. पुण्यातल्या ब्रेडच्या पाकिटावरचा खर्च त्यामुळे बंद झाला, मात्र गरम उंडे दिसले की मुलगा चार जास्त घेतो.

आणि मासे. पुण्यात आम्ही रविवारी, तेही बर्फातले आणि भाव विचारून घाबरत. इथे बाजारात ओट्यावर वाटे मांडलेले. ऑक्टोबरात बांगड्याचा एवढा मारा होता की शंभराच्या वाट्यात आमच्या तिघांची दोन जेवणं निघत. कोळीण वाट्यावर आणखी एखादा टाकून वर "घे गे बाय" म्हणते. साफ करून देणारी बाई वेगळी, तिचे पैसे वेगळे. ती आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून बोलता बोलता इसवणाचे (सुरमईचे) तुकडे अशा सारख्या जाडीचे पाडते की तिच्याकडे बघत उभं राहावं. झालं काय, स्वस्त मिळतात म्हणून आठवड्यातून तीनदा आणू लागलो आणि माशांवरचा वर्षाचा खर्च पुण्याच्या अडीच पट झाला. तक्त्यात किलोचे भाव लिहिणारा हा आकडा कुठून आणणार?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. त्याच ओट्यावर त्याच कोळणीला मी इसवण विचारलं तर म्हणाली, "बंदी चालू आसा गे बाय, इसवण खंयच्यान हाडूं?" जे होतं ते नदीतलं किंवा बाहेरून बर्फात आलेलं, आणि भाव ऐकून मी कोथिंबीर घेऊन परतले. इथली घरं मे महिन्यातच पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करून मोकळी झालेली असतात: सुकी सुंगटां (कोळंबी), खारे बांगडे, सोलां (आमसुलं), कांद्याच्या माळा, वर्षाची मिरची, उकडे तांदूळ. मालकीणबाईंच्या सोबत मीही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन थोडं भरलं. त्या महिन्याचा किराणा दुप्पट झाला आणि पुढचे दोन महिने निम्म्यावर आला. मानकुराद आंब्याचं तेच: हंगामाच्या तोंडाला डझनाला हजारांत, मेच्या मध्यावर शेकड्यांत. ज्याला थांबता येतं त्याला गोवा स्वस्त. पर्यटकाला थांबता येत नाही, म्हणून त्याला तो महाग, आणि वेबसाइटवर भाव भरून जातो तो.

दुखण्याखुपण्याचं थोडक्यात. फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ जवळ, मोठ्या गोष्टींना बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, पण तिला गोव्यातलं पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, म्हणजे आमच्यासारख्यांनी तूर्त आपल्या विम्यावरच राहायचं. त्या विम्याच्या कॅशलेस यादीत गोव्यातली कुठली इस्पितळं आहेत ते निघण्याआधी बघावं. पुण्याची यादी पाठ असते, इथली तोंडओळखीचीही नसते.

मी पुण्यात असताना कल्पना करू शकले नसते अशी एक ओळ वहीत आली: पाहुणे. कोथरूडला वर्षभरात जितकी माणसं मुक्कामाला आली नाहीत तितकी इथे एका मेमध्ये आली. दिवाळीनंतर परत तोच ओघ. दोन गाद्या, ज्यादा सिलिंडर, माशांचे मोठे वाटे, मंगेशी-शांतादुर्गा-दूधसागरची वारी आणि तिचं पेट्रोल. "फोंड्याहून समुद्र किती लांब?" हा प्रश्न ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडतो तो बघण्यासारखा असतो. येताना इंद्रायणी तांदूळ आणि चितळ्यांची बाकरवडी घेऊन येतात, ते जमेच्या बाजूला धरलं आहे. उलट दिशेच्या आमच्या पुण्याच्या फेऱ्यांचंही तसंच: एरवी स्लीपर बसचं तिकीट माफक, चवथीला (गणपतीत) आणि दिवाळीला तिप्पट. गोवा एक्सप्रेसचं आरक्षण वेळेत केलं तर सगळ्यात स्वस्त, पण वेळेत करणारे बाकीचेही असतात.

करमणुकीचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. पुण्यात नाटकाची तिघांची तिकिटं म्हणजे विचार करून काढायची गोष्ट. इथे जत्रांच्या दिवसांत देवळापुढे मांडवात रात्रभर नाटक, प्रवेश खुला. प्रयोग नेहमीच चांगला असतो असं म्हणणार नाही. गावातल्याच मास्तरांनी केलेला औरंगजेब बघून मुलगा हसत सुटला होता.

वर्षाची बेरीज पुण्याच्या बेरजेपेक्षा थोडी कमी आली. शाळा, भाडं आणि वीज यांत जे वाचलं त्यातलं बहुतेक गाड्या, मासे, पाहुणे आणि फेऱ्यांत गेलं. एचआरने 'जवळपास सारखाच' लिहिलं होतं, ते खरंच निघालं म्हणायचं, फक्त त्यांच्या कागदावरची एकही ओळ आमच्या वहीतल्या ओळीशी जुळत नाही. मूल शाळेत नसतं तर आम्हाला गोवा महाग पडला असता. पर्वरीत राहिलो असतो तरीही.

अकरा महिने संपल्यावर मालकांनी भाडं हजाराने वाढवलं. ते दोन खात्यांत पाचशे-पाचशे असं वाढलं.

आता नवऱ्याचे एक सहकारी चाकणहून वेर्ण्याला येताहेत. त्यांनी आमचा तक्ता मागितला. आमचे आकडे पुसून मी नुसत्या ओळी ठेवल्या आणि दर ओळीला बारा रकाने पाडले, कारण मे आणि जुलै एका रकान्यात बसत नाहीत. पहिल्या ओळीच्या वर तीन प्रश्न लिहिले: मुलं कितवीत, कंपनीची बस कुठून, आणि दोघांनाही गाडी चालवता येते का. तिसऱ्याचं उत्तर नाही असं आलं. त्यांनी मडगावात, स्टेशनच्या बाजूला, घर बघायला घेतलं आहे.